मागची चाकं रुंद करा, पण त्यासाठी गाडी कापू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा नाद किती आहे ते वेगळं सांगायला नको, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सोनं लुटायला आलेली माणसं आधी गाडी डोळे भरून बघून घेतात. त्याच नादातनं गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वाढलीय आणि तिच्याबद्दल पेपरात कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. जुन्या दणकट गाड्यांना, मग ती अमेरिकन मसल कार असू दे नाहीतर आपली कॉन्टेसा, मागं रुंद रिम आणि रुंद टायर टाकायचे. माझं उद्यमनगरात रिमचं काम आहे, वाकडं रिम सरळ करणं, रुंद करून देणं, जुन्या गाड्यांना चाकं बसवून देणं, त्यामुळं हा सगळा प्रकार माझ्या हाताखालनं जातोय. मॉडिफाय गाड्यांवर कारवाई झाली की तुमच्याकडं बातमी येते, सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचा फोटो येतो, नंबरप्लेटचं येतं, पण चाकांबद्दल एक ओळ नसते. आणि गाडीला रस्त्यावर धरून ठेवणारी वस्तू तर चाकच आहे.

पहिलं सांगतो की ही हौस मला चुकीची वाटत नाही. मागनं बघितल्यावर मडगार्डात भरून बसलेलं चाक देखणंच दिसतंय आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेत १९६४ ला पाँटियाक जीटीओ आली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये मस्टँग आली, पुढं १९६७ ची कॅमारो, आणि या सगळ्यांचं गणित एकच, मोठं व्ही-८ इंजिन पुढं आणि ड्राईव्ह मागच्या चाकांना. एवढी ताकद दिली पण टायर मात्र बारीक. सुरुवातीच्या व्ही-८ मस्टँगला ६.९५-१४ चा टायर यायचा, म्हणजे आजच्या मापात साधारण १९५/७५ आर १४ (१९५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, १४ इंची रिम), आपल्याकडं आता त्याहून रुंद टायर साध्या घरगुती गाडीला असतोय. ॲक्सिलेटर दाबला की मागचं चाक जागेवर फिरत बसणार, गाडी पुढं कशी जाणार. हे तिथल्या कंपन्यांनाही कळलं आणि त्यांनीच टायर वाढवत नेले. १९६९ ची बॉस ३०२ मस्टँग कंपनीतनंच १५ बाय ७ च्या (१५ इंच व्यास, ७ इंच रुंद) रिमवर आणि एफ६०-१५ टायरवर यायची. १९७० ला प्लिमथची एएआर कुडा आणि डॉजची चॅलेंजर टी/ए या दोन गाड्या तर पुढं ई६०-१५ आणि मागं जी६०-१५ अशा वेगवेगळ्या टायरवर, जी म्हणजे ई पेक्षा मोठा टायर, शोरूममधनं बाहेर पडल्या. म्हणजे मागं रुंद चाक ही कंपनीनं स्वतः केलेली गोष्ट आहे. पण ते करताना त्यांनी मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कमान वाढवून गाडी मागनं उचलली, कारण तो मोठा टायर आणि बाजूनं काढलेला एक्झॉस्ट यांना जागा पाहिजे होती. टायर वाढवला तर जागा कुठनं येणार याचा हिशोब त्यांनी आधी केला आणि मग गाडी बाजारात आणली. आपल्याकडं नेमकं हेच राहून जातंय.

इथं काय होतंय ते सांगतो. पोरगं मोबाईलवर फोटो बघतंय, फोटोतल्या गाडीला मागं २७५ चा टायर असतोय, मग तेच पाहिजे. पुण्यामुंबईतनं टायर येतो, मग टायरला बसणारं रिम शोधलं जातं, मग रिम गाडीला लावल्यावर कळतं की आत पाट्याला घासतंय नाहीतर बाहेर मडगार्डच्या कडेला, आणि मग कुणीतरी ग्राइंडर हातात घेतो. आधी चौकट विकत आणायची आणि मग तिच्या मापानं भिंत फोडायची असला हा प्रकार आहे.

आमच्याकडं एका गिऱ्हाईकाची १९६८ ची मस्टँग आली होती. गाडी घराण्यात जुनी, पत्रा बऱ्यापैकी मूळचा, रंगाखाली पुटी कमी. ती आमच्याकडं यायच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी मागच्या दोन्ही चाकांच्या आतला पत्रा कापला होता, का तर टायर आत बसावा म्हणून. ज्यांनी कापला त्यांचं नाव लिहीत नाही, तो मुद्दाही नाही. पण मस्टँगला वेगळी चेसिस नसते हो, पत्र्याची बॉडी हीच चेसिस. चाकाच्या वरचा जो गोल पत्रा आहे तो बाहेरच्या क्वार्टर पॅनेलला, म्हणजे मागच्या मडगार्डच्या पत्र्याला, कडेला स्पॉट वेल्डिंगनं जोडलेला असतोय, ती कड कापली की दोन पत्रे सुटे होतात, मडगार्ड हातानं दाबला तरी हलतोय. आत वेल्डिंग ओढून पट्टी मारली होती, वर सीलंट फासलं होतं, आणि पावसाळ्यात चाकानं उडवलेलं पाणी थेट डिकीत. आपल्याकडं गगनबावड्याकडं पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहे, एका पावसाळ्यात त्या वेल्डिंगच्या कडेनं गंज फुगून वर आला होता. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या टायरसाठी हे केलं तो टायर तरीही घासत होता, फक्त आता आतल्या बाजूला पाट्याला. पाटा तर हलवलाच नव्हता.

मिनी टब म्हणून जो प्रकार आहे, म्हणजे आतला गोल पत्रा सरकवून चाकाला जागा करणं, तो अमेरिकेत व्यवस्थित केला जातो, पाटे आत घेतात, एक्सलचं हौसिंग कापून बारीक करतात, एक्सल शाफ्ट आखूड करून त्याला परत दाते पाडतात. ते ड्रॅग रेसच्या गाडीचं काम आहे आणि त्या गाडीला परत कधी मूळ रूप यायचं नसतं. रस्त्यावर फिरवायच्या, रविवारी पन्हाळ्यावर न्यायच्या गाडीला त्याची गरज नाही.

आणि कायद्याची बाजू फार थोड्या मालकांना माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात ठेवलेली, तिला व्हीए अशी वेगळी सिरीज मिळते, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ती दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. आता सांगा, चाकाच्या आतला पत्रा कापून सरकवला तर तो बॉडी शेलमधला फेरफार नाही का? लाखो रुपयांची गाडी, ५०-५५ वर्षं जपलेली, आणि एका दुपारच्या ग्राइंडरनं ती या यादीतनं बाहेर जाऊ शकते. कॉन्टेसावाल्यांनीही हे ध्यानात घ्यावं. पहिल्या कॉन्टेसा १९८४ च्या, म्हणजे २०३४ पासनं त्या पन्नाशीत येणार, तोवर मूळ बॉडीची गाडी किती शिल्लक राहील याचा विचार आज ग्राइंडर उचलतानाच करायला पाहिजे.

मग करायचं काय? मापं घ्यायची. एवढंच काम आहे, पण नीट घ्यायची. मी हे जरा सविस्तर लिहितो, छापताना कात्री लावायची असेल तर बाकी पत्राला लावा पण एवढा भाग राहू द्या.

गाडी जॅकवर घेताना जॅक बॉडीखाली लावायचा नाही, एक्सलखाली लावायचा, म्हणजे मागच्या चाकावर गाडीचं वजन जसं असतं तसंच राहतं आणि एक्सल खाली लोंबत नाही. चाक काढायचं. ब्रेकच्या ड्रमचा जो सपाट चेहरा आहे, जिथं रिम टेकतं, तिथनं आत किती जागा आहे ते मोजायचं, पाट्यापर्यंत, आतल्या पत्र्यापर्यंत, ब्रेकच्या नळीपर्यंत, एक्झॉस्टपर्यंत, आणि यातलं सगळ्यात कमी माप ते आपलं खरं माप. मग तिथनंच बाहेर मडगार्डच्या आतल्या कडेपर्यंत. हे डाव्या बाजूला करायचं आणि परत सगळं उजव्या बाजूला करायचं, कारण त्या काळच्या गाड्यांत एक्सल अगदी मधोमध बसलेला असतोच असं नाही, दोन बाजूंत दोन-तीन सुताचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक मी कितीतरी गाड्यांत बघितलाय. जी बाजू अडचणीची तिच्या मापानं दोन्ही रिम घ्यायचे.

आता रिम. रिमवर ७ इंच लिहिलं असेल तर ते आतल्या बैठकीचं माप, दोन्ही कडा धरून ते साधारण ८ इंच भरतं. रिम जिथं ड्रमला टेकतं तिथनं रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेस. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच कुणी विचारत नाही, सगळे विचारतात किती इंची आणि डिझाईन कुठलं. उदाहरण घेऊ. १५ बाय ७ चं रिम, बॅकस्पेस सव्वाचार इंच म्हणजे १०८ मिमी. त्यावर २३५ चा टायर. टायर रिमच्या कडांच्या बाहेर दोन्हीकडं साधारण १६ मिमी फुगतो. म्हणजे ड्रमच्या चेहऱ्यापासनं टायर आत १२४ मिमी जाणार आणि बाहेर १११ मिमी येणार. १९६७-६८ च्या बहुतेक मस्टँगला हे माप, २३५/६० आर १५, काहीही न कापता बसतं. बहुतेक म्हणतोय, सगळ्या नाही, अपघातात मागचा मडगार्ड ठोकून काढलेली गाडी असेल तर तिचं माप तिच्यावरच घ्यायचं.

समजा गिऱ्हाईक म्हणालं २५५ पाहिजे, रिम ८ इंची. तेच सव्वाचारचं बॅकस्पेस ठेवलं तर आतलं माप जवळजवळ आहे तेवढंच राहतं आणि सगळी वाढ बाहेर जाते, दोन-सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे टायर सरळ मडगार्डच्या कडेखाली. पण बॅकस्पेस पावणेपाच इंच करून घेतलं तर आत १० मिमी आणि बाहेर १० मिमी अशी वाढ वाटली जाते. टायर तोच, रिमची रुंदी तीच, फक्त मधली डिश (रिमची नट लावतात ती चकती) अर्धा इंच बाहेर सरकवून वेल्ड करायची. एका गाडीत पत्रा कापावा लागतो आणि दुसरीत लागत नाही, फरक या अर्ध्या इंचाचा. अर्थात आतली ती १० मिमी जागा त्या गाडीत आहे का हे आधी मोजलेलं पाहिजे, नाहीतर २३५ वर थांबायचं.

मोकळी जागा किती ठेवायची? आत पाट्यापासनं मी पाच-सहा सूत तरी ठेवतो, बाहेर कडेपासनं चार सूत. पाट्यावरची गाडी वळणात गेली की एक्सल बाजूला सरकतो, पाट्यांच्या बुशी जुन्या असतील तर आणखी सरकतो, म्हणून जागेवर उभ्या गाडीत बोट जातंय म्हणजे झालं असं नसतं. मस्टँग, कॅमारो, चार्जर या पाट्याच्या गाड्या. शेव्हेल, जीटीओ यांना मागं कॉईल आणि चार रॉड, तिथं पाट्याची अडचण नाही पण चेसिसची बाजू आणि रॉडच्या बैठका आड येतात. बुशी आधी बदला, मग माप घ्या, हे दोन्हीकडं सारखं.

माप झालं, चाक बसवलं, की एक चाचणी करायचीच. मागं माणसं बसवायची, चार तगडी बसवा, आणि एक मागचं चाक लाकडी ठोकळ्यावर चढवायचं, म्हणजे गाडी तिरकी होऊन एक बाजू दबते. मडगार्डच्या आतल्या कडेला ओल्या खडूची रेघ ओढून ठेवायची, टायरला खडू लागला तर घासतंय. अंबाबाईचं दर्शन घेऊन जोतिबाला निघालेल्या गाडीत मागं तीन माणसं आणि डिकीत सामान असतंच, आणि राजारामपुरीतले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर तिथं घासतो आणि टायरच्या बाजूची भिंत कापली जाते, ट्रेड म्हणजे जमिनीला लागणारी नक्षी नाही, बाजूची भिंत, जी पंक्चरवाल्यालाही जोडता येत नाही.

कडेचं सांगायचं राहिलं. कडेला दोन-तीन सूत जागा कमी पडत असेल तर ती कड न कापता आत दुमडता येते, रोलर लावून, हीट गननं रंग गरम करून, हळूहळू, अनेक फेऱ्यांत. रंग तडकण्याचा धोका असतो पण स्पॉट वेल्डिंग शाबूत राहतं. हातोडीनं आपटून करायचं काम नाही ते.

स्पेसरबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. बाजारात ॲल्युमिनियमच्या चकत्या मिळतात, त्या ड्रम आणि रिमच्या मध्ये घातल्या की चाक बाहेर येतं आणि गाडी रुंद दिसते. स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट, मात्र तेवढेच लांब राहतात. मस्टँगला अर्धा इंची स्टड, इंचाला २० आटे. स्टडच्या जाडीएवढी तरी पकड नटाला पाहिजे म्हणजे नट किमान दहा फेरे आत गेला पाहिजे. २० मिमीची चकती घातल्यावर तो किती जाणार? मी असं चाक बघितलंय की नट चार फेऱ्यांवर धरला होता आणि गडी तेवढ्यावर पुण्याहून हायवेनं आला होता. हबला घट्ट बसणारा, लांब स्टडसकट केलेला चांगला स्पेसर असतो, नाही असं नाही, पण बरोबर बॅकस्पेसचं रिम बनवून मिळत असताना तो कशाला? शिवाय चाक जेवढं बाहेर ढकलाल तेवढा एक्सलच्या बेअरिंगवर ताण वाढतो. आणि रिमच्या भोकांची मापंही सारखी नाहीत, व्ही-८ मस्टँगला पाच स्टड साडेचार इंची वर्तुळावर, कॅमारोला पावणेपाच इंची वर्तुळावर. मिलिमीटरमध्ये ११४.३ आणि १२०.६५. एकाचं रिम दुसऱ्याला भोकं ओढून लांबट करून बसवलेलं मी बघितलंय. असलं काम कुणी करून देत असेल तर गाडी तशीच परत घेऊन या.

आता आपल्या गावाबद्दल. इथं काय मिळत नाही? बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, फाउंड्री आणि लेथवर हे शहर मोठं झालं, शिरोली, गोकुळ शिरगावला देशभरातल्या गाड्यांचे पार्ट ओतले जातात. लोखंडी रिम कापून मध्ये पट्टी घालून रुंद करून देणारे मिस्त्री उद्यमनगरात आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. पण रिम रुंद केल्यावर ते लेथवर चढवून डायल लावून बघितलं पाहिजे, फिरताना ते वर-खाली आणि आजूबाजूला पाऊण मिलीपेक्षा जास्त हलायला नको, वेल्डिंगला पाण्यात बुडवून हवा जाते का ते बघितलं पाहिजे. काही ठिकाणी हे होतं, काही ठिकाणी डोळ्यानं बघून रिम हातात दिलं जातं. गिऱ्हाईकानं विचारलं तरच होतं अशी अवस्था आहे आणि गिऱ्हाईकाला काय विचारायचं तेच माहीत नसतं.

रुंद टायर लावल्यावर गाडी कशी चालते यावरही थोडं. लोकांना वाटतं टायर रुंद म्हणजे रस्त्याला जास्त रबर लागलं. तसं सरळ नाही ते. गाडीचं वजन तेच, हवा तेवढीच, तर जमिनीला टेकणारा भाग जवळपास तेवढाच राहतो, त्याचा आकार बदलतो, रुंदीला वाढतो आणि लांबीला कमी होतो. कोरड्या रस्त्यावर निघताना आणि वळताना त्याचा फायदा आहे. पण पावसात तोच टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर काय असतं, आणि पुढं उसाचा हंगाम लागला की ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल. एवढ्या ताकदीचं इंजिन, गुळगुळीत झालेला २७५ चा टायर आणि करूळ घाटातलं ओलं वळण, याचा परिणाम काय होतो ते लिहावं लागू नये. कायद्यानं ट्रेड १.६ मिमी तरी असला पाहिजे, मी म्हणतो घाटात जाणाऱ्या गाडीला त्याच्या दुप्पट ठेवा.

आणखी एक, फक्त मागं रुंद केलं आणि पुढं जुनाच बारीक टायर ठेवला तर वळणावर गाडी पुढनं सरळ पळायला बघते, स्टिअरिंग फिरवलंय पण नाक वळत नाही. या गाड्या मुळात पुढनं जड. त्यामुळं पुढचा टायरही एक माप वाढवावा, आणि जुने नायलॉनचे टायर पुढं आणि मागं रेडियल अशी खिचडी शक्यतो करूच नये, चारही एकाच जातीचे घ्यावेत. स्पीडोमीटरही फसवतो. १९५/७५ आर १४ च्या जागी २३५/६० आर १५ लावला तर चाकाचा व्यास ६४८ वरनं ६६३ मिमी होतो, काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०२ च्या पुढं असते. हा फरक चालण्यासारखा आहे. २५५/६० लावला तर व्यास ६८७ होतो, मग काटा १०० आणि गाडी १०६.

आता मागणी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. हा कायदा मला मान्य आहे. पण कंपनीनंच त्या मॉडेलला जे रुंद टायर पर्याय म्हणून दिले होते त्यांचं काय, त्याच मापाचा आजचा रेडियल टायर लावला तर तो बदल धरायचा का, याचं उत्तर विचारायला गेलं की प्रत्येक ठिकाणी वेगळं मिळतं. मग मालक म्हणतो कशालाच परवानगी नाही तर मनाला येईल तेच करू, आणि जो माणूस नीट माप घेऊन करणार होता तोही ग्राइंडरवाल्याकडं जातो. एमएच ०९ च्या आरटीओनं यावर एक पानभर मराठीत लिहून बोर्डावर लावावं, जुन्या गाडीला टायरचं माप बदलताना काय चालतं, काय चालत नाही, कुठला कागद जोडायचा. पंधरा वर्षांवरच्या गाड्या दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला तिथं जातातच, तेव्हा हे पान हातात दिलं तरी पुरे.

दुसरी मागणी आमच्याच लोकांकडं. रिम आणि टायरचं काम करणाऱ्या प्रत्येक दुकानानं बिलावर रिमची रुंदी, बॅकस्पेस, टायरचं पूर्ण माप आणि डावी-उजवीकडं आत-बाहेर सुटलेली जागा लिहून द्यावी. मिस्त्रीनं हे आकडे लिहिले म्हणजे त्यानं ते मोजले, आणि उद्या गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तरी त्याला कळतं की काय बसवलंय. यात खर्च नाही, वेळ लागला तर अर्धा तास.

तुमच्या पेपरात रविवारी गाड्यांचं पान असतं, त्यात एकदा हे माप घ्यायचं चित्रासकट छापा अशी विनंती आहे, चित्र काढायला मदत लागली तर मी येतो. आणि ज्यांच्या डोक्यात सध्या मागची चाकं रुंद करायची आहेत त्यांनी टायरची ऑर्डर द्यायच्या आधी गाडी घेऊन उद्यमनगरात कुणाही जाणत्या मिस्त्रीकडं जावं. माझ्याकडं आलात तर माप घ्यायचे मी पैसे घेत नाही, काम कुठं करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आपला,
उद्यमनगरातला एक रिमवाला
कोल्हापूर